दुसरा खिसा

फोन भर दुपारी आला, मोंढ्यात तुरीचं माप चालू असताना.
औरंगाबादचा दवाखाना. कुणी शिकाऊ डॉक्टरीण, घाईत:
मन्मथ बसवणप्पा बिरादार तुम्हीच ना,
बारा वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालेले?
जुन्या पेशंटना विचारतोय, पाचच प्रश्न आहेत.

काट्यावरच्या पोराला खुणावलं, थांब,
आणि गोण्यांच्या थप्पीमागं गेलो.
बारा वर्षं झाली,
या विषयाला अजून आडोसा लागतो.
हे तिनं विचारलं नव्हतं.

व्रण दिसतो का?
बघणाऱ्याला दिसतो. बघणारी एकटी महानंदा.
पोतं उसवल्यावर सुतळीची राहते
तशी रेघ, आता फिकी.

संवेदना?
उजवीकडं दोन वर्षांनी परत आली,
आधी मुंग्या, मग खाज,
मग एका पहाटे नुसता गार वारा.
डावीकडं आलीच नाही.
वाकलो की चांदीच्या डबीतलं इष्टलिंग
डावीकडं झुकतं, टेकतं,
त्याचा गारवा मला लागत नाही.
मानेला दोरा ओढतो, त्यावरून समजायचं.
म्हणालो, थोडं बधिर आहे.
ती म्हणाली, 'थोडं' असा पर्याय नाही.

दोन्ही बाजू सारख्या आहेत?
मी वजनाचा माणूस. रिपोर्टात वाचलं होतं:
डावीकडून एकशे ऐंशी ग्रॅम, उजवीकडून दोनशे दहा.
मिळून अर्धा किलोही नाही.
माझ्या काट्यानं त्याची दखल घेतली नसती.
एवढ्यासाठी मी तोंडारच्या विहिरीवर
अख्ख्या वर्गाचे कपडे, घड्याळं सांभाळत बसलो,
एवढ्यासाठी पोरं ओरडायची खालून, पाण्यातून,
'मन्मथ्या, तुला नवरी बघायची का नवरा?'
एवढ्यासाठी चाँदपाशा टेलर
न सांगता शर्टाला दोन खिसे लावायचा,
झाकणाचे, आत कॅनव्हास घातलेले.
टेप सैल धरायचा.
कंबर मोठ्यानं म्हणायचा, बाही मोठ्यानं,
छातीचा आकडा वहीत गुपचूप.

ऑपरेशननंतर गेलो. त्यानं टेप लावला, थांबला,
जुना आकडा खोडला.
'एकच लावू का खिसा?' एवढंच.
मी म्हणालो, राहू द्या दोन्ही.
चाँदपाशा गेला. त्याचं पोरगं वही बघून शिवतं.
उजवा खिसा रिकामाच असतो.

पुन्हा हाच निर्णय घ्याल?
हो.
हे मी इतक्या जोरात म्हणालो की
थप्पीवरचं कबूतर उडालं.

पण बाई, एक लिहून घ्या, जागा असेल तर:
माझे खांदे अजून पुढंच वाकलेत.
चारचौघांत बसलो की हात आपोआप जातो,
शर्ट चिमटीत धरून पुढं ओढतो.
विरुपाक्ष, माझा मुलगा, नऊ वर्षांचा, नुसती काडी.
पाहुणे आले की तोही ओढतो.
त्याच्या छातीवर ओढून झाकावं असं काही नाही.
ती म्हणाली, सर, जागा नाहीये.

शेवटचा. समाधान, पाचपैकी?
चार.
एक का कापला? हा प्रश्न कागदावर नव्हता बहुतेक.
म्हणालो, कडता. मोंढ्यात पोत्यामागं कापतातच.
हसली. तिला कडता माहीत होता.

रविवारी पोराला घेऊन त्याच विहिरीवर गेलो.
शर्ट काढला. बनियन काढलं.
धोंड्यावर चौघं होते, एक वर्गातलाच,
कुणी बघितलं नाही.
याच्यासाठीच तर केलं होतं सगळं,
आणि नेमकं हेच जरा लागलं.

पोरगं पाण्यात. अण्णा, उतरा की.
अण्णाला पोहता येत नाही,
काठावर बसून कुणाला आलंय?
मग त्याचाच कॅन पाठीला बांधून घेतला,
चाळिशीच्या माणसानं.
पट्टा छातीवरून आवळला.
उजवीकडं चांगलाच रुतला.